विस्तवाजवळची जागा

आल्बन,
तुझा प्याला तुझ्याकडे पोचवायचा आहे. न्यायला येऊ नकोस. गुरुवारी बाजाराला जाताना तुझं घर वाटेतच लागतं, मीच आणून देईन. भिंतीतला त्याचा खिळा मी उपटला आहे, तेव्हा परत टांगायची सोय उरलेली नाही. बोलण्यासारखंही काही नाही.
हेस्टर गफ

एवढं लिहून हेस्टरने पाकीट चिकटवलं आणि कोट न घालताच ती ते टपालपेटीत टाकून आली.

'व्हीटशीफ' पब तिच्या आजोबांपासून गफांनीच चालवला. मालकी मात्र बीअर बनवणाऱ्या कंपनीची, तरी गाव हेस्टरलाच मालकीण म्हणायचं. खोली एकच, खाली दगडी फरशी, भिंतींना धुराने काळ्या पडलेल्या ओकच्या फळ्या. काउंटर नाही. हेस्टर तळघरातल्या पिंपातून बीअरचा जग भरून आणायची आणि भिंतीतल्या खिडकीतून प्याले पुढे सरकवायची. नेहमीच्या गिऱ्हाइकांचे स्वतःचे प्याले भिंतीवर आपापल्या खिळ्याला टांगलेले असायचे. गावाला यात नवल वाटायचं नाही. नवल वाटायचं ते शहरातून आलेल्यांना, आणि ते फोटो काढून निघून जायचे.

विस्तवाजवळ उंच पाठीचा बाक होता. त्याच्या कोपऱ्यातली जागा माणूस मेल्याशिवाय रिकामी व्हायची नाही आणि मग तिथे कोणी बसायचं ते मालकीण ठरवायची. शेतांच्या कडेची झुडपं वाकवून कुंपणं विणणारा आल्बन प्रीस त्या जागेसाठी एकोणीस वर्षं थांबला. एका नोव्हेंबरात हेस्टर त्याला "बस" म्हणाली. तो बसला.

पुढे तो पाच महिने छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला, तेव्हा तिने त्या जागेवर कोळशाची बादली ठेवली. खुद्द पाद्रीबाबा ती सरकवायला गेले. "राहू द्या," हेस्टर म्हणाली, "आल्बन बसलाय तिथे." त्या दिवसापासून सगळे आत येताना बादलीला तब्येत विचारू लागले.

मग कंपनीचं पत्र आलं. फळ्या काढायच्या, बाक काढायचा, लांब काउंटर, स्वयंपाकघर, गालिचा. जुन्या इमारती जपणारी मंडळी म्हणाली, सुनावणीत गावाने विरोध केला तर हे थांबवता येईल. हेस्टरने कोणाला गळ घातली नाही. जे दिवसाआड त्या बाकावर बसतात त्यांना काय विनवायचं? आल्बनच आपण होऊन म्हणाला, "मी बोलतो." तिने त्या दिवशी बाकाला दोनदा मेण लावलं.

सुनावणीच्या दुपारी सभागृहात तो टोपी हातात धरून उभा राहिला. म्हणाला, बाक कडक आहे. दारातला वारा पाठीत घुसतो. विस्तवाकडची मांडी भाजते, दुसरी गारठते. एकोणीस वर्षं वाट बघितली आणि पहिल्याच दिवशी हे कळलं, पण हेस्टरला वाईट वाटेल म्हणून बसत आलो. लोक हसले. किती दिवसांचं दाबून ठेवलेलं हसू होतं ते! पबमध्ये त्याच्यासोबत बाकावर बसणारे बाकीचे चौघेही त्यात होते. मग तो म्हणाला, माझ्या बायकोचे, ग्वेनचे गुडघे गेलेत, तिला घेऊन कधी यावं तर पबच्या दारातल्या त्या उंच पायऱ्या तिला चढवत नाहीत. नवीन झालेलं बरं.

हेस्टरने त्याला बाहेर गाठलं.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस, मालकीणबाई?"

"पाच महिने बादली कोणासाठी ठेवली होती रे?"

आल्बन टोपीची कड फिरवत राहिला. "मी कुठे म्हटलं होतं, ठेव म्हणून?"

ग्वेनच्या गुडघ्यांचं तिला कळत होतं. ते तो बाकावर बसून बोलला असता, तर पायऱ्या तिने स्वतः फोडल्या असत्या.

कंपनीला परवानगी मिळाली आणि मार्चमध्ये कामगारांनी बाक चार तुकडे करून नेला. हेस्टर पब सोडून चर्चमागच्या दोन खोल्यांत राहायला गेली. आल्बनचा प्याला तिच्याबरोबर गेला.

चिठ्ठी टाकल्यानंतरच्या गुरुवारी तिने तो लोकरी मोज्यात गुंडाळून पिशवीत ठेवला. आल्बन कुंपणाशी काम करत होता. तिला बघून ताठ झाला, कोयता खाली ठेवला, हात पँटला पुसले. त्याच्या घराचं फाटक सताड उघडं होतं. हेस्टर चालत राहिली. बाजारात तिने सलगम घेतले, जास्तच घेतले, आणि परतीला वरच्या रस्त्याने आली.

त्यानंतरही दर गुरुवारी ते फाटक उघडं असायचं आणि दर गुरुवारी प्याला सलगमांखाली दडपून घरी परत यायचा.