रोजचा उपास

माझ्या मुलीला गहू चालत नाही. पोळी, शेवया, साधं बिस्किट, काहीही पोटात गेलं की आतडं बिथरतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. सहा वर्षांची पोर, पण चार वर्षांचे फ्रॉक बसतात. पेणचे डॉक्टर म्हणाले, "भात चालेल, पण नुसत्या भातावर ती भरायची नाही. भाताच्या प्रोटीनमध्ये लायसिन कमी पडतं, राजगिऱ्यात ते चांगलं असतं. रोज राजगिरा द्या."

झालं! रामवाडीतल्या आमच्या घरी रोज राजगिऱ्याची भाकरी. मेली थापताना मोडते, तव्यावर फाटते. मी चिडते आणि पोर मुकाट्याने तुकडे गोळा करून खाते.

सुट्टीत रोह्याला सासूबाईंकडे गेलो. डब्यातली राजगिऱ्याची भाकरी बघून त्या म्हणाल्या, "आज कसला गो उपास?"

"उपास नाही हो आई. भातात लायसिन कमी असतं ना..."

"भाताला लायसन कशाला लागतंय?"

मी कपाळावर हात मारला. परत पहिल्यापासून सांगितलं, गहू म्हणजे तिला विष. "व्हय, व्हय," म्हणाल्या. पण त्यांच्या लेखी राजगिरा म्हणजे उपास, आणि रोज उपास करणारी पोर वाळणारच.

संध्याकाळी बाजारातून आले, तर पोरीच्या हातात शेवयांच्या खिरीची रिकामी वाटी.

"इवलीशी दिली," सासूबाई म्हणाल्या. "उपास सोडायला. गोडानं सुटला की अंगी लागंल."

मला ओरडायचं होतं. पण कुणावर ओरडू? स्वतःच्या वाटीतले बेदाणेसुद्धा वेचून त्यांनी नातीला घातले होते.

सकाळी पोट टम्म फुगलेलं, जुलाब थांबेनात. सासूबाई तिच्या पोटावर हात ठेवून रडत होत्या. "माझ्या हातानं दिलं गो मी!" त्याच दिवशी त्यांनी नातीसाठी सोमवार धरला.

सोमवारी दोघी शेजारी बसून राजगिऱ्याची भाकरी खात होत्या. जोडीला कुणीतरी मिळालं म्हणून पोर काय खूश! संध्याकाळी सासूबाईंनी उपास सोडला. त्यांच्या पानात वरणभात आणि पोळी, तिच्या पानात वरणभात. ती त्या पोळीकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "आई, आजीचा सुटला. माझा कधी सुटणार?"

सासूबाईंचा घास हातातच राहिला. मी काहीतरी सांगीन म्हणून त्याही माझ्याकडे बघायला लागल्या. कधीच नाही, हे मला तोंडातून काढवेना.

"जेव आधी," म्हटलं, आणि तिच्या भातावर आणखी तूप वाढलं.