माझ्या तोंडाचं बुजगावणं

“त्याच जागी परत आलाय,” नागपूरच्या डॉक्टरांनी बायोप्सीचा कागद वाचून सांगितलं. माझी खुर्ची तीन हात जमिनीत गेली. माझा साळा डोमा शेजारीच होता. तो म्हणतो, खुर्ची हललीही नाही.

गालाच्या कॅन्सरचं पहिलं रेडिएशन दोन वर्षांपूर्वी झालं होतं. या वेळी ऑपरेशन जमण्यासारखं नव्हतं. उरलं री-इरॅडिएशन, म्हणजे एकदा भाजलेल्या जागेलाच पुन्हा किरणं देणं. “पहिला डोस शरीर विसरत नाही,” डॉक्टर म्हणाले. “जबड्याचं हाड सडू शकतं, रक्तवाहिनी फुटू शकते. तरी तुम्हाला देता येईल. खर्रा सुटला ना?”

“कवाचाच, साहेब!”

डोमा छताकडे बघू लागला. आमच्या गावच्या, सिहोऱ्याच्या पानठेल्यावर माझा तंबाखू-सुपारी-चुन्याचा खर्रा तोच प्लास्टिकच्या पन्नीत घोटून द्यायचा. अर्धा मला, अर्धा त्याला. वर माझं भाषण: “मशीननं माहा गाल लोखंडाचा करून टाकला! आता खर्राच मले भेते!”

रेडिएशनमध्ये डोकं हलू नये म्हणून तोंडावर प्लास्टिकचा जाळीदार मास्क आवळतात. माझा जुना मास्क मी घरी आणून धानाच्या बांधीत बुजगावणं म्हणून काठीवर लावला होता. तो बघून तुमसरपर्यंतचे पोपट जिल्हा सोडून पळाले, असं मी सांगायचो. सगळ्यात जोरात डोमा हसायचा.

चेहरा आटला होता, म्हणून मास्क नवा बनवला. किरणांच्या दहाव्या दिवशी थुंकीसुद्धा गिळवेना. बाहेर बाकावर डोमा पोहे खात होता, वर तिखट रस्सा न घेता, नुसतेच.

“काहून बे, तर्री नाही घेतली?”

“झोंबते, भाऊजी.”

“तोंड उघड.”

जेमतेम दोन बोटं उघडलं. आत गालावर पांढरा चट्टा.

“कधीपासून?”

“सालभर झालं.”

“मंग बोलला काहून नाही?”

“तुम्हीच तर सांगत होते, मशीनमंधी गाल लोखंडाचा होते. मी म्हटलं, वाढलं तं आपणही शेकून घेऊ. घाई कायले?”

तो टोमणा मारत नव्हता. त्याला ते खरंच वाटलं होतं. माझ्या बायकोचा हा एकुलता भाऊ.

मी त्याला दंडाला धरून आत नेलं. “साहेब, मी खोटं बोललो. मागच्या महिन्यापर्यंत खात होतो. मले मंग रागवा, आधी याचा गाल पाहा.”

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी चट्ट्याचा तुकडा तपासायला घेतला. माझा स्वतःचा रिपोर्ट यायचा होता तेव्हा मी दोन वेळा जेवत होतो. डोमाच्या रिपोर्टच्या आठ दिवसांत, गिळवत नाही म्हणून नाकात घातलेल्या नळीतून दिलेलं दूधही उलटून पडायचं.

रिपोर्टमध्ये डिस्प्लासिया आला, म्हणजे पेशी बिघडू लागल्या आहेत, कॅन्सर अजून नाही. चट्टा काढला. खर्रा त्यानं त्याच दिवशी सोडला.

माझी किरणं संपली. पुढचं काय ते तीन महिन्यांनी स्कॅन सांगेल. तुम्ही मात्र आरशासमोर तीन बोटं उभी तोंडात घालून बघा. जात नसतील, तिखट झोंबत असेल, तर दवाखान्यात जा. पानठेल्यावर माझ्यासारख्याला विचारू नका.

घरी आल्यावर आधी बांधीतला मास्क काढला. ठेल्यावरच्यांनी विचारलं, “काय भाऊ, आता पोपट परत येतीन ना?”

“पोपट गेलेच नव्हते,” मी म्हणालो. “अर्धं धान तेच खाऊन गेले.”

या वेळी कोणी हसलं नाही. डोमाही नाही.