अडतीसवरून बारा

मुनीरा सिस्टर रोह्यातल्या एका छोट्या दवाखान्यात सव्वीस वर्षं इमर्जन्सी सांभाळते आहे. नवरा खालिद कुवेतला, दोन्ही मुली आपापल्या घरी. म्हाताऱ्या पेशंटचे श्वास मोजायची तिची एक रीत आहे. नाडी बघतोय असं दाखवून मनगट धरायचं आणि छातीकडे पाहत पुरतं मिनिटभर मोजायचं. मोजतायत हे कळलं की माणूस श्वास सावरतो, असं ती नव्या मुलींना सांगते.

गेल्या फेब्रुवारीत, भर दुपारी, निडीच्या ठमाबाईंना त्यांची सून रंभा रिक्षातून घेऊन आली. वय पंच्याहत्तरच्या पुढे. जुना दमा उठलाय, वाफ दिली की तासाभरात परत जाऊ, असं रंभाचं म्हणणं होतं. ठमाबाई पुढे वाकून, गुडघ्यांवर हात रोवून बसल्या होत्या. छातीत दुखतंय का, असं मुनीराने विचारलं.

"नाय... दुखत... नाय," एवढं सांगताना त्या दोनदा थांबल्या.

श्वास अडतीस. ऑक्सिजन चौऱ्याऐंशी. मुनीराने नडगीवर अंगठा दाबला. खड्डा तसाच राहिला, पाय सुजलेले होते. खोदून विचारल्यावर रंभाने सांगितलं, चार रात्री सासू भिंतीला टेकून बसूनच झोपतेय.

डॉक्टर निमिष नवीन होते. ते वाफेचं मशीन लावायला निघाले होते. आधी ईसीजी काढू या, असं मुनीराने हळूच सुचवलं, आणि त्यांनी ऐकलं. हार्ट अटॅक केव्हाच येऊन गेला होता, काही न दुखता. आता फुफ्फुसांत पाणी साठत होतं. त्यांनी इंजेक्शन दिलं, मास्क लावला आणि ॲम्ब्युलन्स मागवली.

मग ठमाबाईंची धाप कमी होऊ लागली. घरघर थांबली. चोवीस, अठरा, बारा. मान एका बाजूला कलली. रंभाने त्यांच्या अंगावर चादर ओढली.

"निजली गो बाय. आता बरं वाटतंय तिला."

मुनीराने आकडा पाहिला. ऑक्सिजन वाढला नव्हता, उलट उतरत होता. तिने मोठ्याने हाक मारली, छातीच्या हाडावर मुठीने चोळलं. पापणी जेमतेम हलली.

"झोपली नाय, रंभा. थकली हाय. आता तिचा श्वास आपण द्यायचा."

निमिषनी घशात नळी घातली. ॲम्ब्युलन्समध्ये मुनीरा नळीला जोडलेला श्वासाचा फुगा हाताने दाबत बसली. वाटेत वडखळला ठमाबाईंचा मुलगा जनू डोलवीच्या कारखान्यातली शिफ्ट सोडून थांबला होता. तो चढला आणि आई बोलेल ना, असं विचारू लागला. मुनीरा फुगा दाबत राहिली.

पनवेलच्या मोठ्या हॉस्पिटलात ठमाबाई पाच दिवस जगल्या. चौथ्या दिवशी नळी निघाली, तेव्हा जनूशी थोडं बोलल्या. पाचव्या सकाळी गेल्या.

महिन्याने रंभा दवाखान्यात आली. तिला एकच गोष्ट सांगायची होती.

"ती मरत होती आणि मी चादर घालत होते."

मुनीराने तिला बाकावर बसवलं.

"माझ्या अब्बांना मीही अशीच चादर घातली होती," ती म्हणाली. "तेव्हा मी नर्सच होते."