आधी किल्ली, मग प्रार्थना

बड्या घरचा पाद्री म्हणजे धड पाहुणाही नाही आणि धड नोकरही नाही. यॉर्कशायरच्या माळावर अ‍ॅव्हरडेल सरकारांची हवेली होती, तिथे केल्सॉलबुवा होते. सकाळी साऱ्या घराकडून प्रार्थना म्हणवून घ्यायची, धाकट्या मालकांना लॅटिन शिकवायचं, वर बाईसाहेबांच्या कुत्र्यालाही फिरवून आणायचं. जेवताना टेबलाच्या पार टोकाला बसायचं आणि गोड पदार्थ आले की ते फक्त मालकांसाठी, म्हणून रिवाजाप्रमाणे उठून दाराशी जायचं.

"तुम्हाला गोड आवडतच नाही वाटतं," मी एकदा टोमणा मारला.

"आवडतं की! म्हणून तर दाराकडे तोंड करून उभा राहतो."

मी हेस्टर, बाईसाहेबांची खास दासी. आमचं दोघांचं जमलंय, हे स्वयंपाकघरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. पण सरकारांच्या पदरी असलेल्यांनी त्यांच्या परवानगीशिवाय लग्न करायचं नाही. आणि परवानगी मिळणार ती बुवांना हेदरबी गावचं चर्च आणि त्यासोबतचं घर मिळाल्यावर. तिथला पाद्री नेमणं सरकारांच्याच हातात, पण असलेला म्हातारा काही जागा सोडेना. देव मला क्षमा करो, त्याच्या खोकल्याची चौकशी मी फार आपुलकीनं करायचे.

वाट बघता बघता केस पिकायला लागले, तेव्हा कुठे तो गेला. सरकार म्हणाले, "पाहुणे येऊ द्यात, जेवणाच्या टेबलावरच बुवांचं नाव जाहीर करतो." पाहुणे म्हणजे एक अर्लसाहेब, फार बडे उमराव; सरकारांच्या लेकीला सून करून घ्यायला येणार होते.

नेमक्या त्याच वेळी धुणं धुणाऱ्या नॅनला देवी आल्या. पाहुण्यांना कळलं तर उलट्या पावली पळतील, म्हणून सरकारांनी पोरीला गवताच्या कोठारात टाकलं. सोबत एक पाव आणि बादलीभर पाणी. बाहेरून कुलूप आणि किल्ली स्वतःच्या खिशात. मला लहानपणीच देवी येऊन गेलेल्या, तोंडावर खुणा आहेत. मी म्हटलं, मी जाते तिच्याकडे. "पाहुणे गेल्यावर," सरकार म्हणाले. बुवा विनवायला गेले, तर त्यांनाही हाकलून लावलं.

दोन दिवसांनी पाहुणे आले. दुपारचं जेवण मांडलं. सगळे आपापल्या खुर्चीमागे उभे, सूपची वाफ निघतेय. पाद्र्यानं प्रार्थना म्हटल्याशिवाय त्या घरात कुणी बसत नसे. बुवांनी हात जोडले, डोळे मिटले आणि गप्प उभे राहिले.

सरकार खाकरले. "करा सुरू, बुवा."

"आधी किल्ली द्या, सरकार."

"कसली किल्ली?" अर्लसाहेबांनी विचारलं.

"या घरातलं एक माणूस कुलपात उपाशी आहे," बुवा म्हणाले. "त्याला घास मिळाल्याशिवाय या अन्नाबद्दल देवाचे आभार मानायला माझी जीभ रेटत नाही."

सरकार लालबुंद झाले. "हेदरबी विसरलात वाटतं?"

"नाही विसरलो."

मी बाईसाहेबांच्या खुर्चीमागे उभी होते. खरं सांगते, मी मनातल्या मनात ओरडत होते, अहो म्हणा की, दोन ओळी तर आहेत, नॅनचं मग बघू! त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर ते सगळं दिसलंच असणार. तरी बाबा जागचा हलला नाही. मेला हट्टी! मला रागानं रडू फुटलं, आणि त्याच रडण्यात त्यांचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

"अहो, देऊन टाका ना किल्ली, सूप गार होतंय," अर्लसाहेब कंटाळून म्हणाले.

सरकारांनी किल्ली टेबलावर आपटली. "घ्या! आणि माझा पट्टा इथे ठेवा. हेदरबीला मला दुसरा माणूस मिळेल."

सरकारांच्या पाद्र्याची खूण म्हणून बुवांच्या खांद्यावर काळा रेशमी पट्टा असे. तो त्यांनी काढला, नीट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि किल्ली उचलली. मीही समोरचा सूपचा वाडगा उचलला.

"हेस्टर, कुठे निघालीस?" बाईसाहेब ओरडल्या.

"तुमची नोकरी सोडून, बाईसाहेब."

बुवांना देवी आलेल्या नव्हत्या. कुलूप निघाल्यावर मी त्यांना दरडावलं, "उंबऱ्याच्या आत पाऊल टाकाल तर बघा!" नॅन गवतात पडली होती, ओठ सुजलेले, पण शुद्धीवर होती. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्यानं पाजायला लागले.

"हेस्टर," बुवा बाहेरून हळूच म्हणाले, "चर्च गेलं. आपलं घर गेलं. तुला काय तोंड दाखवू?"

"तोंडाचं राहू द्या! आता तुम्ही कुणाचे पाद्री?"

"कुणाचाच नाही."

"आणि मी कुणाची दासी?"

"कुणाचीच नाही."

"मग लग्नाला परवानगी कुणाची मागायची राहिली?"

 बुवा तिथेच थंडीत, चिखलात मटकन बसले आणि हसत सुटले.

"या रविवारी चर्चमध्ये आपल्या लग्नाची जाहीर पुकार होऊ दे," मी म्हटलं आणि नॅनच्या तोंडात पुढचा चमचा घातला.