अनघाची लाल फीत

"मॅडम, ही पाटी बसवायला दगडात चार भोकं पाडावी लागतील ना?"

टिल्लूकाकांनी माझ्या टेबलावर वर्तमानपत्राची गुंडाळी उघडली. आत पितळी पाटी होती, लख्ख घासलेली. तिच्यावर कोरलं होतं, ‘कु. अनघा दिनकर टिल्लू’. खाली काही नाही. तारखा घालू नकोस, असं त्यांनीच पाटीवाल्याला बजावलं होतं.

इंदूरच्या पलासियात एका बँकेच्या मागच्या गोडाऊनमध्ये माझी क्लाइंबिंग वॉल आहे. म्हणजे प्लायवूडची उंच भिंत, तिच्यावर स्क्रूने बसवलेले रंगीत गोळे आणि खाली जाड गाद्या. गोळ्यांना धरून चढायचं. इंदूरकर आधी या प्रकाराला हसतात आणि मग उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं आणून सोडतात. अनघा मात्र आपणहून आली होती, पहिली नोकरी लागल्यावर. काही वर्षं शिकली, मग संध्याकाळची बॅच तीच घ्यायला लागली. दोन पावसाळ्यांपूर्वी डेंग्यू झाला आणि आठवड्याभरात गेली.

"कड्यावर लटकणारी पोरगी आमची, मच्छराने नेली," असं काका तेव्हा स्मशानातून परतताना म्हणाले होते.

पाटी लावायची होती स्पितीत, अनघा सुट्टीत जिथे चढायला जायची त्या कड्यावर. हिमाचलच्याच पार पलीकडच्या टोकाचा तो कोरडा, थंड मुलूख. तिथले काही डोंगर चुनखडीचे आहेत. कधीकाळी तिथे समुद्र होता. त्याच्या तळाशी शिंपले साचले, त्यांचा दगड झाला आणि तो दगड वर उचलला गेला. चढणाऱ्याला चुनखडी फार आवडते, कारण पाण्याने तिच्यात खळगे पडलेले असतात आणि बोटं अडकवायला जागा मिळते. त्रास एकच. तिथे पाणी वर टिकत नाही, दगडाच्या पोटात जिरतं. प्यायचं पाणी पाठीवरून न्यावं लागतं.

"काका, पाटी नाही लावता येणार."

"परमिशन लागते का? अर्ज लिहून देतो ना मी. तेवढंच तर आयुष्यभर केलंय." काका एका सरकारी दफ्तराच्या रेकॉर्ड रूममधून रिटायर झालेले.

"परमिशनचा सवाल नाही. आमच्यात कड्यावर पाट्या लावत नाहीत. एकाने लावली की सगळे लावतील."

"मतलब तिचं नाव कुठेच राहणार नाही?"

मग मी त्यांना आमच्या धंद्यातली पद्धत समजावून सांगितली. कड्यावरून वर जाण्याची एक वाट ठरवायची, तिला रूट म्हणतात. ठरावीक अंतरावर ड्रिलने भोक पाडून स्टीलचे बोल्ट ठोकायचे. चढताना दोर त्यांत अडकवत जायचं, म्हणजे पडलो तरी दोर धरतो. बोल्ट कोणीही ठोको, रूट पुरा झाला असं केव्हा म्हणायचं? खालपासून वरपर्यंत एका दमात, न पडता, दोरावर न लटकता कोणी गेलं तर. जो पहिला जाईल तो रूटला नाव देतो आणि ते नाव कायम राहतं. तोवर तो रूट बोल्ट ठोकणाऱ्याचा ‘प्रोजेक्ट’. अशा वेळी पहिल्या बोल्टला लाल फीत बांधून ठेवतात. अर्थ एवढाच की कोणाचं तरी काम चालू आहे, कृपया चढू नका. जगभर कुठेही जा, भला माणूस ती फीत पाहून दुसरीकडे वळतो.

अनघाने स्पितीतल्या त्या कड्यावर असाच एक रूट बोल्ट ठोकून तयार केला होता. तिची फीत तिथे अजून बांधलेली होती. तिथल्या एका क्लाइंबरचा मला फोनही आला होता. फार अदबीने विचारत होता की मॅडम, आता तो प्रोजेक्ट उघडा करायचा का? मी टाळत आले होते.

काका सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "मग तुम्ही चढा. तुम्ही तिच्या गुरू. पुरा करा आणि नाव तिचं द्या. हिला मी तसंच सांगतो." ही म्हणजे काकू. पाटी लावल्याशिवाय घरी येऊ नका, असं त्यांनी सांगितलं होतं.

मी हो म्हटलं. कोणी गुरू म्हटलं की माणूस जरा फुगतोच.

निघालो तिघं. मी, काका आणि इम्रान. इम्रान माझ्या वॉलवर काम करतो. तो अनघाचा दोरावरचा जोडीदार. चढणाऱ्याचा दोर खालून जो धरतो त्याच्या हातात चढणाऱ्याचा जीव असतो, तेव्हा हे नातं साधं नसतं. काकांची डॉक्टरकडून तपासणी करून घेतली. विरळ हवेची सवय व्हावी म्हणून वाटेत मुक्काम केले. गाडीरस्ता संपल्यावर दोन दिवसांची चाल होती, सगळी घसरड्या खड्यांतून. काका दहा पावलं चालायचे आणि थांबायचे. तक्रार एका शब्दाची नाही. लावायची नसली तरी पाटी त्यांनी पिशवीत घेतलीच होती.

"काका, पाटी द्या माझ्याकडे. वजन आहे," मी म्हटलं.

"असू द्या, मॅडम. तिची सॅक मी कधी उचलली नव्हती." थोडं चालून पुन्हा म्हणाले, "वैसे, मी तिला विचारायचो, बेटा, भिंतीवर चढून मिळतं काय? ती म्हणायची, बाबा, तुम्ही एकदा बघायला तर या. मी बोलायचो, येतो ना, जल्दी काय आहे."

पाटीची पिशवी खांद्यावर सावरून ते पुढच्या चढाला लागले.

कडा दिसला तो करड्या रंगाचा, मधेच पोट पुढे काढलेला. पहिल्या बोल्टला फीत होती. उन्हाने लालाची गुलाबी झालेली. काका खाली उभे राहून टोपी काढून बघत राहिले.

चढण्याआधी बोल्ट तपासावे लागतात. मी मागच्या बाजूने वळसा घालून कड्याच्या माथ्यावर गेले आणि दोरावरून खाली उतरत आले. प्रत्येक बोल्टवर हातोडी मारायची. दगड पक्का असेल तर खणखणीत आवाज येतो, पोकळ असेल तर बद्द वाजतं. अनघाचे सगळे बोल्ट खणखणीत वाजले. एकही वाकडा नाही. पोरीने काम चोख केलं होतं.

पण उतरताना मी पाहिलं ते दुसरंच. हाताला घाम येऊ नये म्हणून आम्ही चढताना बोटांना पांढरी पावडर लावतो. ती दगडाला लागते. कड्याचं पोट पुढे आलेलं असलं की तिथे ना पाऊस पोचतो ना बर्फ, आणि ते डाग वर्षानुवर्षं राहतात. अनघाची बोटं जिथे जिथे टेकली होती ते सगळे खळगे अजून पांढरे होते. काही खळग्यांत तर बोटं वेगवेगळी ओळखू येत होती. फक्त सगळ्यांत वरची, माथ्याजवळची कड कोरी होती. तिथे तिचा हात पोचला नव्हता. म्हणजे एक हात राहिला होता. एकच.

मी दोरावर लटकत होते, खाली कोणाला चेहरा दिसत नव्हता, म्हणून रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चढायला घेतलं. इम्रानने दोर धरला. पहिले पाच बोल्ट बरे गेले. सहाव्याच्या वर एक खळगा आहे, त्यात जेमतेम दोन बोटं जातात. त्या दोन बोटांवर सगळं अंग तोलून पुढचा हात लांब टाकायचा. मी टाकला आणि पडले. दोराने धरलं. खाली येऊन अर्धा तास बसले, पुन्हा गेले. त्याच जागी पडले. अनघा माझ्यापेक्षा वीतभर बुटकी. मला जिथे हात पुरत नव्हता तिथे ती कशी गेली, हे मला कळेना.

"इम्रान, ती इथे काय करायची रे?"

"मॅडम, वो पैर ऊपर लगाती थी. कमर के पास. फिर उसी पे खड़ी हो जाती थी."

कमरेजवळ पाय लावून पाहिला. गुडघा बोंबलला. तिसऱ्या दिवशी आणखी दोनदा पडले. बोटांची सालं गेली. अनघाच्या पावडरीच्या खुणा माझ्या डोक्यावर आणखी बऱ्याच वर गेलेल्या दिसत होत्या. सहा बोल्टांपुढचा तो सगळा दगड तिचा होता, मला तिथे प्रवेशच नव्हता. शिष्याने गुरूच्या पुढे जावं असं आपण म्हणतो. ती कधीच गेली होती आणि मला कोणी कळवलं नव्हतं.

खाली उतरून काकांना सांगितलं. "काका, माझ्याने नाही होणार. आता नाही आणि नंतरही नाही."

"थोडी प्रॅक्टिस केली तर?"

"तरीही नाही. ती माझ्यापेक्षा खूप चांगली होती."

काकांनी मान वर करून त्या पांढऱ्या डागांकडे पाहिलं. "तुमच्यापेक्षा?"

"बिलकुल. शेवटचा एक हात राहिला होता तिचा."

त्यांचे डोळे भरले आणि चेहरा जरा फुललाही. दोन्ही एकदम. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, इथे आपण तिघंच आहोत. झालं म्हणून सांगितलं तर? कोणाला काय तकलीफ आहे?"

खरं सांगते, मला मोह झाला. कोणी पुरावा मागत नाही. आमच्या धंद्यात शब्दावर चालतं. मी इम्रानकडे पाहिलं. तो दोर गुंडाळत होता, त्याने मान वर केलीच नाही.

मी काही बोलणार तेवढ्यात काकाच म्हणाले, "नको. जाऊ द्या. ती पहिली मलाच बोलली असती, बाबा, ये क्या किया." आणि जरा वेळाने, "ती फीत तशीच ठेवली तर काय होईल?"

"कोणी चढणार नाही. रूट तिचाच राहील. पण नाव नसलेला, अर्धवट."

"आणि काढली तर?"

"मग कोणीही चढेल. जो पुरा करेल तो त्याला हवं ते नाव देईल. ते आपल्या हातात नाही."

काका मोठ्या दगडावर बसून राहिले. इम्रानने चहा केला तो त्यांच्या हातात निवून गेला. ऊन कड्यावरून सरकलं तेव्हा ते उठले. "मला तिथवर जाता येईल का? फितीपर्यंत?"

त्यांच्या कमरेला हार्नेस बांधला. हार्नेस म्हणजे कंबर आणि मांड्यांना आवळायचे जाड पट्टे, त्यांनाच दोर जोडतात. विजार वर चढली, स्वेटर चुरगळला. दोर माथ्यावरून टाकून मी आणि इम्रान त्यांना ओढायला लागलो. "काका, डरना मत, मैं हूँ," इम्रान म्हणाला. "डर कसला, भिया, तू तिला धरत होतास," काका वरून म्हणाले.

पहिल्या बोल्टपाशी एक पांढरा खळगा होता. काकांनी त्यात आपली बोटं घातली आणि तशीच ठेवली. मग फीत हातात घेतली आणि हसल्यासारखा आवाज काढला.

"ही तर आमच्या दफ्तरातली आहे! फायली बांधायची सुती फीत. माझ्या ड्रॉवरमधून उचलली हिने." आणि जरा थांबून, "गाठ पण माझीच आहे, मॅडम. लहानपणी शिकवली होती. एक टोक ओढलं की पूर्ण सुटते. पुढच्या बाबूला फाइल उघडताना त्रास नको."

आम्ही क्लाइंबर लोक गाठी मारतो त्या सुटू नयेत म्हणून. हे तिला मीच शिकवलं होतं. इथे तिने बापाची गाठ मारली होती. आपल्याला काही होईल असं तिच्या मनातही नसणार, रूट पुरा झाल्यावर स्वतःच सोडायची म्हणून मारली असेल. काकांनी डोळे मिटले आणि एक टोक ओढलं. फीत सुटली.

आणखी एक रिवाज राहिला. निघताना आपल्या पावडरीचे डाग ब्रशने घासून टाकायचे, पुढच्याला दगड स्वच्छ मिळावा म्हणून. ब्रश माझ्या कमरेलाच होता. मी माझ्या चार पडण्यांचे डाग घासले. तिचे घासले नाहीत. कोणाला नियमाविरुद्ध वाटलं तर वाटो.

पाटी परत इंदूरला आली. काकूंनी दारातच तिच्याकडे पाहिलं आणि त्या आत गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात फोन आला. तिथल्याच एका गावातल्या मुलीने रूट पुरा केला होता. मी काकांकडे गेले, इम्रानलाही नेलं. नाव सांगणं माझ्या जिवावर आलं होतं.

"काय नाव ठेवलं?"

"नमकीन चाय. तिकडे मीठ आणि लोणी घालून करतात तो चहा."

"म्हणजे अनघाचं नाव कुठेच नाही?" काकू म्हणाल्या.

"नाही, काकू."

त्या उठून खिडकीशी गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून रडल्या. काकांनी ते नाव हळूच दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं. मग इम्रानला विचारलं, "ती प्यायची का रे तिथला नमकीन चहा?"

"पीती थी, काका. बहुत मुँह बनाके पीती थी. फिर दूसरा कप माँगती थी."

काका मान हलवत राहिले. "मग ठीक आहे," म्हणाले. ठीक नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

त्या रूटवर आता बरेच जण चढतात. पडतात तेव्हा अनघाच्या बोल्टवर पडतात आणि वाचतात. बोल्ट कोणी ठोकले हे कोणी विचारत नाही. मीही अनेक कड्यांवर चढले, मीही कधी विचारलं नव्हतं.

हल्ली वॉलवर नवीन बॅचला मी गाठी शिकवते तेव्हा सगळ्यांत शेवटी एक गाठ जास्तीची शिकवते. प्रोजेक्टला फीत बांधाल तर हीच मारा, एका ओढीत सुटेल अशी. पोरं विचारतात, मॅडम, सुटणारी गाठ कशाला? मी म्हणते, पुढच्याला त्रास नको. एवढंच सांगते आणि पुढच्या पोराला दोराला बांधते.