‘सायंतारा’ची बाजू घेताना

चहा आधी संपवा. मधेच ठसका लागला तर मला बोल लावाल, आणि माझ्या नावावर आधीच पुरेशी फजिती जमा आहे.

तर आमच्या निखिलचं लग्न ठरत होतं. अंबडच्या कारखान्यात त्याच्याच विभागात असलेली प्रज्ञा. दोघांचं आपसात केव्हाच जमलं होतं. उरलं होतं ते आईवडिलांचं. म्हणून एका रविवारी प्रज्ञाचे आईवडील सटाण्याहून आमच्या इंदिरानगरच्या घरी आले; प्रज्ञाही बरोबर होती. वडील, म्हणजे अण्णा, अबोल माणूस. सगळा कारभार आईकडे, कुसुमताईंकडे. शाळेत मराठी शिकवायच्या. नजर अशी, की मी सोफ्यावर आपोआप ताठ बसलो!

निखिलने मला आधीच कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतं, “बाबा, प्रज्ञाच्या आईचं मन अजून होत नाहीये. सांभाळून बोला.”

आमच्या हिने, सुमनने, त्याहून सोपं केलं. “द्राक्षांवर बोला, पाण्यावर बोला. मालिकांवर बोलू नका.”

का, ते सांगतो. माझा जीव ‘सायंतारा’वर. संध्याकाळी ऑफिसातून आलो, की गॅलरीजवळच्या आरामखुर्चीत पडायचं. बाहेर पांडवलेणीचा डोंगर निळा निळा होत विरघळत असतो, गार वारा सुटलेला, आणि समोर ‘सायंतारा’. तिच्या मागोमाग त्याच वाहिनीवर ‘वाटेवरचं घर’. ती मालिका मला मुळीच सोसायची नाही. या विषयावर मी सकाळी फिरायला येणाऱ्या दोन मित्रांशी अबोला धरला होता. हसू नका! तत्त्वाचा प्रश्न होता.

पोहे झाले. चहा आला. आणि कुसुमताई घड्याळाकडे बघून म्हणाल्या, “आज घरी पोचेपर्यंत आमचं ‘वाटेवरचं घर’ बुडणार.”

सुमनने माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलंच नाही.

“ताई,” मी म्हणालो, “बुडू द्या. लेखन नाही हो त्यात!”

“असं?” कुसुमताईंनी कप खाली ठेवला. “सांगा बरं, कसं नाही?”

आता मला सांगा, असं कुणी विचारल्यावर माणूस थांबतो का?

“बाई खोटं बोलली की देवघरातली घंटा आपोआप वाजते! मग घरातले सगळे एकेक करून वळून बघतात. त्यातच भाग संपतो. याला काय लेखन म्हणायचं? उलट ‘सायंतारा’ बघा. थोरला भाऊ रागाने घर सोडतो, पण कुलपाची दुसरी किल्ली हळूच धाकट्याच्या खिडकीत ठेवून जातो. तोंडातून शब्द नाही! याला म्हणतात लेखन!”

“किल्लीचा प्रसंग?” कुसुमताईंच्या कपाळाला आठी पडली. “भाऊ, तो तर आमच्या...”

“थांबा ताई, खरी कमाल पुढेच आहे.”

सुमन खोकली. निखिल खोकला. मला वाटलं, हवा बदलली आहे.

“नायिका घर सोडून निघते,” मी डोळे मिटून सांगायला लागलो. “तिन्हीसांज. गोदावरीचा घाट. पाणी केशरी झालेलं, आणि त्यावर दिवे. वाहत नाहीत, जागच्या जागी हलताहेत, झोळीतल्या बाळासारखे. ती पायरीवर बसलेली. पलीकडच्या काठावर माणसं उभी आहेत, पण आवाज कसलाच नाही. आणि सासू येते. पुलावरून नाही, थेट पाण्यातून! पण पदराला थेंब लागत नाही. हातात झाकलेलं ताट. सुनेशेजारी बसते. ‘घरी चल’ म्हणत नाही, ‘चुकलीस’ म्हणत नाही. ताटावरचं झाकण काढते आणि एवढंच विचारते, ‘जेवली नाहीस ना?’”

मी डोळे उघडले. अण्णांचा कप हातातच राहिला होता. कुसुमताई पदराने डोळे टिपत होत्या.

“सुरेख,” त्या म्हणाल्या. “फार सुरेख. पण भाऊ, मी ‘सायंतारा’सुद्धा बघते. हे मला कसं दिसलं नाही?” आणि अण्णांकडे वळून हळूच, अहिराणीत, “असं काही नही शे हो त्या मालिकेत!”

“आहे!” मी गरजलो. “परवाचाच भाग. पैज लावा!”

इथे गप्प बसलो असतो तर? पण छे! मीच लेकाला हुकूम सोडला, “निखिल, लाव टीव्हीवर परवाचा भाग. बघू दे सगळ्यांना.”

निखिल बिचारा रिमोट हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. “बाबा, नक्की?”

“लाव!”

लागला भाग. नायिका दवाखान्यात. डोक्याला पट्टी, स्मृती गेलेली. ढगांचा गडगडाट, दवाखान्याच्या आत! सासऱ्याने “नाहीऽऽ” म्हणून हंबरडा फोडला आणि तो तीन बाजूंनी दाखवला.

“घाट पुढे आहे,” मी म्हणालो.

पुढे खोट्या डॉक्टरचा खोटा जुळा भाऊ निघाला.

“अजून पुढे.”

पुढे देवघर आलं. नायिकेची जाऊ काहीतरी खोटं बोलली. आणि घंटा वाजली. आपोआप! घरातले सगळे एकेक करून वळून बघायला लागले.

इकडे आमच्या घरातलेही.

“काका,” प्रज्ञा अगदी हळू, मला लागू नये अशा बेताने म्हणाली, “ती सासू तर कधीच गेली ना? बघा, मागे फोटोला हार आहे.”

होता हो हार! चांगला झेंडूचा. ज्या माउलीला मी ताट घेऊन गोदावरीतून चालवलं, ती भिंतीवरून माझ्याकडे बघून हसत होती.

सुमनने कपाळावर हात मारला. “अहो, स्वप्न पडलं असेल तुम्हाला! शीर्षकगीत सुरू झालं की तुमची मान खाली. मधे एखादा डोळा उघडता, पुन्हा मिटता. दोन्ही मालिका संपल्या की थेट जेवायलाच उठता.”

“म्हणजे किल्ली...” मी पुटपुटलो.

“आमच्या ‘वाटेवरच्या घरा’तली,” कुसुमताई म्हणाल्या. “तेच सांगत होते मघाशी. घंटा तुमची.”

काय सांगू! सोफ्यासकट गॅलरीतून खाली जावं असं झालं. निखिलचा चेहरा पांढराफटक. मी हात जोडले, “ताई, माझ्या बडबडीचा राग पोरांवर काढू नका.”

कुसुमताई उठल्या आणि सुमनबरोबर आत गेल्या. स्वयंपाकघराचं दार लोटलं गेलं. आतून कुजबुज ऐकू येईना, की भांडं वाजेना. मी खिडकीबाहेर बघत बसलो. डोंगर विरघळायला लागला होता. मुलाचं लग्न मोडणारा बाप मी, तेही एका न झालेल्या प्रसंगापायी!

बऱ्याच वेळाने दोघी बाहेर आल्या. कुसुमताईंच्या हातात साखरेची वाटी होती. त्यांनी पहिली चिमूट प्रज्ञाच्या तोंडात घातली, दुसरी निखिलच्या.

मी धडपडत उभा राहिलो. “ताई, म्हणजे... मन झालं तुमचं?”

“झालं,” त्या म्हणाल्या. “पोरगी दुसऱ्याच्या घरी कशी राहील याचा घोर होता जिवाला. तो मिटला.”

माझा ऊर भरून आला. सासू ताट घेऊन येते, ‘जेवली नाहीस ना’ विचारते! माझ्या स्वप्नातून त्यांना माझं मन दिसलं असणार. मी नम्रपणे मान खाली घातली. “तो प्रसंग तुमच्या काळजाला भिडला, नाही का?”

“प्रसंग नाही हो भाऊ,” कुसुमताईंनी माझ्या हातावर साखर ठेवली. “सासू जागी आणि सासरा कायम झोपलेला. सुनेला आणखी काय पाहिजे?”