पिवळ्या डब्याची सिस्टर

सिस्टर म्हणजे मोठी खमकी बाई. तीस वर्षं दवाखान्यात इंजेक्शनं टोचली, निवृत्त झाली, मागोमाग नवरा गेला. लेक सासरी लांब. तिचा फोन आठवड्यातून एकदा, तोही घाईत. घरात बोलायला कोण, तर भिंती. म्हणून तिनं हे केंद्र धरलं. गल्लीतली एक खोली, टेबल आणि पिवळा डबा. नशेची इंजेक्शनं घेणारे यायचे, वापरलेल्या सुया डब्यात टाकून नव्या न्यायचे. एकाची सुई दुसऱ्यानं टोचून रोग पसरायला नको, रस्त्यात कुणाच्या पायात घुसायला नको. नियम एकच, नाव-गाव विचारायचं नाही. ज्याला त्याला नंबर.

एकेचाळीस नंबर मात्र जरा टेकायचा. "सिस्टर, आज ओरडला नाहीत, तब्येत बरी आहे ना?" असं खुशाल चिडवायचा. तिच्याशी धड दोन वाक्यं बोलणारा तो एकटाच. त्या दहा मिनिटांसाठी बाई इस्त्रीची साडी नेसायला लागली होती, आता बोला!

आणि एक दिवस तिची जीभ घसरली. "नाव काय रे तुझं? घरी आई आहे का?"

झालं! पोराचा चेहरा उतरला. सुया न घेताच तो उठून गेला.

पंधरा दिवस झाले. जवळपास दुसरं केंद्र नाही, म्हणजे पोरगा कुणाचीतरी उष्टी सुई टोचत असणार. सिस्टरला स्वतःच्या जिभेला डाग द्यावासा वाटला.

सोळाव्या दिवशी त्याचा एक सोबती आत डोकावला. "सिस्टर, तो कोपऱ्यावर उभा आहे. विचारतोय, परत चौकशी करणार का?"

धावत जावं, कान धरून त्याला आत आणावं, असं तिला वाटलं. ती उठलीसुद्धा. मग बसली.

"सांग त्याला," ती म्हणाली, "मी कोण लागते त्याची, चौकशी करायला?"

तो आला. डब्यात एकच सुई पडली, टोक बोथट झालेली. पंधरा दिवस हीच एक सुई, कुणाकुणाला टोचलेली कोण जाणे; सिस्टर काय समजायचं ते समजली. तिनं नव्या सुयांचं पाकीट पुढे सरकवलं. "रक्त तपासायचंय. हात दे," एवढंच म्हणाली.

त्यानं हात पुढे केला. शीर शोधताना तिनं एकदाही मान वर केली नाही. तिचे भरलेले डोळे दिसले असते, तर तो पुन्हा पळाला असता.